कारची बाहेरची ट्रिम स्वतः बसवताना: तयारी, कामाचा क्रम आणि पट्ट्या सुटण्याची कारणे

कारवर चिकटवलेली पट्टी काही दिवसांत कोपऱ्यातून उचलली गेली, की तिच्यामागची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप हलकी निघाली असे म्हणून विषय संपवला जातो. ती पट्टी एकदा उलटून पाहा. बऱ्याचदा टेप धडधाकट असते आणि तिच्यावर मेणाचा, पॉलिशचा किंवा बारीक धुळीचा थर बसलेला असतो. टेपने तो थर घट्ट धरून ठेवलेला असतो. पत्र्यावरून सुटलेला असतो तो थरच. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त भर दिला आहे.

ट्रिम म्हणजे गाडीवर शोभेसाठी किंवा संरक्षणासाठी लावायच्या पट्ट्या आणि कव्हर. डोअर व्हायझर (खिडकीच्या वरची पावसाची पट्टी), दरवाजाचे साइड मोल्डिंग (बाजूची जाड पट्टी), काचेखालची क्रोम लाइन, टेल लॅम्पचे गार्निश (मागच्या दिव्याभोवतीची शोभेची चौकट), बंपरचे कोपरे, सिल प्लेट (दरवाजाच्या उंबऱ्यावरची पट्टी) अशा टेपवर बसणाऱ्या वस्तूंसाठी हा क्रम आहे. क्लिपवर बसणारी आतली ट्रिम वेगळ्या टप्प्यात घेतली आहे. टप्प्यांची अदलाबदल करू नका, विशेषतः ३ ते ७ यांची.

## टप्पा १: काय बसवायचे नाही ते आधी ठरवा

वस्तू दिसायला चांगली असली तरी ती प्रत्येक गाडीवर चालतेच असे नाही. विकत घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि पुढच्या जागा पाहून ठेवा.

दरवाजाच्या मुठीवर हात ठेवताच लॉक उघडणारी चावीविरहित सोय असेल, तर मुठीवर क्रोमचे कव्हर चढवू नका. क्रोमचा मुलामा वीजवाहक असतो आणि मुठीतल्या स्पर्श-सेन्सरला त्याचा अडथळा होतो. बटण असलेल्या मुठीसाठी बटणाची जागा मोकळी सोडलेलेच कव्हर घ्या.

काही गाड्यांमध्ये पुढच्या लोगोमागे किंवा खालच्या ग्रिलमागे रडार असते. त्या जागेवर नवा लोगो, स्टिकर किंवा क्रोमची पट्टी नको. पार्किंग सेन्सरच्या गोल टोप्या आणि कॅमेऱ्याची भिंग यांच्या आसपासही थोडी जागा मोकळी ठेवा. ग्रिलवर जाळी लावायचा विचार असेल, तर रेडिएटरला जाणारी हवा तिथूनच येते हे विसरू नका. दाट जाळीने ती कमी होते.

दरवाजाच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. ती झाकली गेली तर पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. हा गंज बाहेर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून खालच्या कडेला पट्टी लावताना खाली वाकून छिद्रे पाहाच.

सावधान: जिथे एअरबॅगची खूण आहे तिथे काहीही चिकटवू नका, चढवू नका. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डची डावी-उजवी बाजू, विंडस्क्रीनशेजारचे खांब आणि सीटची बाहेरची कड या त्या जागा. एअरबॅग उघडली तर तिच्या वाटेतली सुटी ट्रिम थेट माणसावर फेकली जाते.

गाडीचे नाव तेच असले तरी फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच मॉडेलचे रूप बदलल्यावर, बंपर, लॅम्प आणि आरशांचे आकार बदललेले असतात. नाव पाहून वस्तू घेऊ नका. उत्पादनाचे वर्ष आणि व्हेरियंट दोन्ही जुळवा.

## टप्पा २: सामान

लागते ते थोडेच. कार शाम्पू, धागे न सोडणारी चार-पाच मायक्रोफायबर कापडे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप, मोजपट्टी, हेअर ड्रायर, छोटा रबरी रोलर, प्लॅस्टिकची ट्रिम काढण्याची हत्यारे आणि खडबडीत प्लॅस्टिकवर काम असेल तर अॅडहेजन प्रमोटर, म्हणजे टेपची पकड वाढवणारा प्रायमर.

टेपकडे मात्र नीट लक्ष द्या. बाहेरच्या ट्रिमला साधारण १ मिमी जाडीची, राखाडी किंवा काळी अॅक्रिलिक फोम टेप लागते. तिचा फोम दाट असतो, बोटाने दाबला तर हळू पूर्ववत होतो. स्पंजासारखी मऊ पांढरी टेप घरात फोटो लावायला ठीक, पण ऊन-पाण्यात तिचा फोम कुजतो. वस्तूबरोबर अशी टेप आली असेल, तर ती पूर्ण काढून चांगली टेप लावा. टेप पट्टीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचली आहे का तेही पाहा. बऱ्याच पट्ट्यांवर शेवटचे एक-दोन सेंटिमीटर कोरे सोडलेले असतात आणि उचलण्याची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

## टप्पा ३: वेळ आणि जागा

पत्रा आणि पट्टी दोन्ही साधारण २० ते ३५ अंश सेल्सिअस असताना काम करा. १० अंशांखाली टेपचा गोंद कडक होतो आणि रंगाच्या सूक्ष्म खाचांत उतरतच नाही. ती चिकटल्यासारखी वाटते, पण चिकटलेली नसते. उलट भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर अल्कोहोल पुसण्याआधीच उडून जाते, मळ जागच्या जागी राहतो आणि टेप पहिल्याच स्पर्शाला पकडते. सरळ करायची संधी मिळत नाही.

सावलीत, वारा आणि धूळ नसलेल्या जागी गाडी उभी करा. पहाटे दव पडलेले असेल तर पत्रा कोरडा दिसला तरी थांबा. पुढचे २४ तास गाडी तिथेच कोरडी राहू शकेल असाच दिवस निवडा.

तपासणी: हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवा. चटका बसत असेल किंवा गार ओलसर लागत असेल, तर आज काम नको.

पॅनेलला नुकताच रंग दिला असेल तर किमान महिनाभर थांबा. नव्या रंगातून द्रावक बाहेर पडत असतो. त्यावर टेप लावली तर पकड कमी मिळते, आणि पुढे पट्टी काढायची वेळ आली तर तिच्याबरोबर रंगही निघू शकतो.

## टप्पा ४: जुनी पट्टी आणि जुना गोंद काढा

जुने काही लावलेले नसेल तर हा टप्पा सोडा.

हेअर ड्रायरने पट्टी सर्व बाजूंनी कोमट करा, हात ठेवता येईल इतपतच. मग दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीची बारीक नायलॉन दोरी पट्टीमागे सरकवून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. फोम मधून कापला जातो आणि रंगाला धक्का लागत नाही. पेचकस किंवा सुरी घालून उचकटले, तर पत्र्याची कड वाकते किंवा क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) चरा उठतो.

रंगावर राहिलेला फोम बोटाने चोळून गोळा करा. उरलेल्या गोंदासाठी ऑटोमोटिव्ह ग्लू रिमूव्हर कापडावर घ्या, थेट रंगावर ओतू नका. थिनर आणि पेट्रोल टाळा. थिनर रंग मऊ करतो, प्लॅस्टिकचा मुलामा उडवतो. पेट्रोल तेलकट थर मागे ठेवते. रिमूव्हरचाही थर मागे राहतोच, म्हणून यानंतरची स्वच्छता पूर्ण करावी लागते.

## टप्पा ५: कोरडी जुळवणी

टेपवरची संरक्षक फिल्म न काढता पट्टी जागेवर धरा. एकट्याने लांब मोल्डिंग धरणे अवघड जाते, दुसरा माणूस असू द्या.

तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, पट्टीचा बाक पत्र्याच्या बाकाशी जुळतो का. मध्ये दाबल्यावर टोके उचलली जात असतील, तर ती पट्टी टेपला आयुष्यभर ओढत राहील. प्लॅस्टिकची पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू बाक द्या आणि त्याच आकारात धरून थंड होऊ द्या.

दुसरी, दरवाजा उघडताना काय होते. पुढचा दरवाजा उघडतो तेव्हा बिजागरीजवळची त्याची कड आत, फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) दिशेने वळते. मागच्या दरवाजाची पुढची कडही अशीच आत जाते. जाड मोल्डिंग या कडेपर्यंत नेले तर पहिल्याच वेळी ते शेजारच्या पत्र्यावर आपटते. कडेपासून ५ ते ६ मिमी जागा सोडा, पट्टी मास्किंग टेपने तात्पुरती लावा आणि दरवाजा अगदी सावकाश उघडून पाहा.

तिसरी गोष्ट म्हणजे रेषा. जमिनीपासून उंची मोजू नका. जमीन सपाट नसते आणि टायरमधली हवाही सारखी नसते. गाडीची बॉडी लाइन (पत्र्यावरची आडवी घडी) किंवा दरवाजाची खालची कड धरून दोन-तीन ठिकाणी मोजा. एका बाजूची जागा ठरली की तिचा कागदी साचा करा आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा. डोळ्याने सारख्या वाटलेल्या दोन बाजू मोजल्यावर क्वचितच सारख्या निघतात.

आता पट्टीच्या वरच्या कडेला लागून मास्किंग टेपची सरळ रेषा लावा आणि डावी-उजवी टोके जिथे येतील तिथे उभ्या खुणा करा. चार-पाच पावले मागे जाऊन रेषा पाहा, खटकली तर आत्ताच बदला. खुणा पेनाने रंगावर करू नका.

## टप्पा ६: स्वच्छता

सर्वात जास्त वेळ या टप्प्याला द्या. कापडाने एकदा पुसले की झाले, असे इथे चालत नाही.

१. शाम्पूने पॅनेल धुवा. वॅक्स मिसळलेला शाम्पू नको. तो स्वतःच थर सोडतो. खाचा, रबर आणि दरवाजाच्या फटीत अडकलेले पाणी कापडाने टिपून घ्या. ते नंतर नेमके टेपखाली ओघळते.

२. डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हरने काढा आणि तेवढा भाग पुन्हा शाम्पूने धुवा.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ पाणी समप्रमाणात मिसळा. एका कापडाने हे मिश्रण लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या. द्रावणात सुटलेला मळ दुसऱ्या कापडावर यायला हवा. एकाच कापडाने पुसत राहिलात तर मळ फक्त इकडून तिकडे फिरतो. एकाच दिशेने पुसा आणि दर वेळी कापडाची नवी घडी घ्या. कापडावर काही उमटेनासे होईपर्यंत हेच करा.

तपासणी: त्या जागेवर स्प्रेने थोडे पाणी मारा. पाण्याचा सलग पातळ पडदा पसरला तर जागा स्वच्छ आहे. पाण्याचे गोल थेंब झाले तर मेण, सिलिकॉन किंवा कोटिंग अजून आहे. पाणी टिपून पूर्ण वाळवा, तिसरी पायरी पुन्हा करा आणि मगच पुढे जा.

गाडीला सिरॅमिक कोटिंग असेल तर अल्कोहोलने ते जाणार नाही. टेपच्या रुंदीएवढी जागा मास्किंग टेपने आखून पॉलिशिंग कंपाउंडने हाताने घासावी लागते आणि मग पुन्हा वरची स्वच्छता. कोटिंगचे कामच मुळी काही चिकटू न देणे हे आहे. त्यावर टेप टिकेल अशी आशा धरू नका. दरवाजाच्या रबरांना आणि काळ्या प्लॅस्टिकला चमक आणणारे सिलिकॉन ड्रेसिंगही असेच त्रास देते. ते शेजारच्या पत्र्यावर पसरलेले असते आणि डोळ्याला दिसत नाही.

पट्टीच्या मागची बाजूही पुसा. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून वापरलेले द्रव्य तिच्यावर राहिलेले असू शकते. ज्या पट्टीला टेप तुम्ही स्वतः लावणार आहात, तिच्यासाठी हे सोडूच नका.

आता बंपर आणि व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) काळ्या खडबडीत प्लॅस्टिकविषयी. या भागांच्या मागे बहुधा पीपी (PP), म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, अशी खूण असते. पॉलिप्रॉपिलीनवर कोणताही गोंद सहज बसत नाही. इथे अॅडहेजन प्रमोटर लागतोच. तो पातळ थरात, फक्त टेप बसेल तेवढ्याच जागेत लावा आणि डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्या. बाहेर सांडलेला प्रमोटर रंगावर डाग पाडतो, त्यामुळे आजूबाजूला मास्किंग टेप हवीच.

सावधान: अल्कोहोल आणि प्रमोटर दोन्ही ज्वलनशील आहेत. हवा खेळती ठेवा आणि हीट गन, सिगारेट, ठिणगी जवळ नको. ते पूर्ण उडून गेल्यावरच हेअर ड्रायर सुरू करा.

स्वच्छता संपल्यापासून त्या जागेला बोट लावू नका. बोटांचा तेलकटपणा टेपला पुरेसा त्रास देतो.

## टप्पा ७: चिकटवणे

पत्रा आणि पट्टी दोन्ही हेअर ड्रायरने किंचित कोमट करा.

फिल्म एकदम पूर्ण काढायची नाही. चूक बहुधा याच क्षणी होते. दोन्ही टोकांकडून फक्त ४-५ सेंटिमीटर फिल्म सोडवा आणि तिची शेपटी काटकोनात दुमडून पट्टीच्या बाहेर काढून ठेवा. पट्टी मास्किंग टेपच्या रेषेला टेकवा, टोकांच्या खुणा जुळवा आणि दोन्ही टोके अलगद टेकवा. मागे जाऊन पाहा. सरळ असेल तर शेपटी पट्टीखालून हळूहळू, पत्र्याला समांतर ओढत जा आणि मागोमाग बोटाने हलके दाबत चला. फिल्म मध्येच तुटू नये म्हणून सावकाश ओढा.

काचेखालची क्रोम लाइन आणि दरवाजाच्या कडेची यू आकाराची बीडिंग लवचिक असतात. लावताना त्या ओढल्या जातात, आणि ओढलेली बीडिंग काही दिवसांत आखडून मूळ लांबीवर येते. टोके उघडी पडतात किंवा उचलली जातात. बीडिंग सैल सोडून, जवळजवळ आत ढकलत लावा. टोक शेवटी कापा.

सावधान: साबणाच्या पाण्यावर पट्टी सरकवून जागेवर आणण्याची युक्ती विनाइल स्टिकरसाठी आहे. त्यात पाणी स्क्वीजीने बाहेर काढता येते. फोम टेपखाली अडकलेले साबणपाणी बाहेर निघत नाही. इथे ती युक्ती वापरू नका.

तिरकी बसलेली पट्टी उचलून पुन्हा त्याच टेपवर लावू नका. ओढताना फोम ताणला जातो आणि गोंदावर धूळ बसते. काढलीच तर टेप नवी.

## टप्पा ८: दाब आणि थांबणे

ही टेप दाबावर काम करते. दाब जितका, तितका तिचा गोंद पृष्ठभागावर पसरतो. मध्यापासून टोकांकडे रोलर फिरवा आणि प्रत्येक भागावर अंगठ्याने काही सेकंद जोर द्या. टोकांवर सर्वांत जास्त वेळ. पातळ पत्रा आत जाईल इतका जोर नको. मागून हाताचा आधार देता आला तर द्या.

अशा टेपची पकड सामान्य तापमानात २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. त्यामुळे पहिले २४ तास पाणी आणि वेगाने गाडी चालवणे टाळा, आणि ३ दिवस गाडी धुवू नका. टोके मास्किंग टेपने बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढा.

तपासणी: दुसऱ्या दिवशी कागदाचा कोपरा पट्टीच्या कडेखाली सरकवून पाहा. जिथे तो टेपपर्यंत न अडता आत जातो, तिथे कोमट करून पुन्हा दाबा.

## टप्पा ९: काही वस्तूंची खास काळजी

डोअर व्हायझर पुढच्या दरवाजापासून सुरू करा. पुढचा बसला की दरवाजा बंद ठेवून मागचा जुळवा, दोघांमध्ये फट राहू द्या. टेप काचेच्या रबरावर येता कामा नये. रबर हलते आणि तेलकटही असते. काचा २४ तास वर ठेवा. काचेच्या खाचेत बसणारा व्हायझर असेल, तर काच वर जाताना अडून आपोआप खाली येऊ शकते. बोट अडकू नये म्हणून असलेली सुरक्षा यंत्रणा तिथे अडथळा ओळखते. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे खिडकीची सेटिंग पुन्हा करा. तरीही थांबत नसेल तर व्हायझर त्या दरवाजाचा नाही.

सिल प्लेटवर पाय पडतो, तिथे धूळ सर्वांत जास्त असते, म्हणून सहावा टप्पा इथे दोनदा करा. प्लेट लावण्याआधी दरवाजा बंद करून रबर कुठे टेकते ते पाहा. प्लेट त्या रेषेवर आली तर पाणी आणि आवाज आत येईल.

पत्र्याला छिद्र पाडायला सांगणारी ट्रिम शक्यतो टाळा. मागे वायरिंग असू शकते, आणि उघड्या कडेला गंज लागतो. छिद्र टाळता येत नसेल तर मागची बाजू पाहून घ्या, कड घासा, गंजरोधक प्रायमर आणि रंग लावा, लोखंडाचा कीस शेवटच्या कणापर्यंत झटका.

## टप्पा १०: आतली, क्लिपवरची ट्रिम

सुरुवातीला क्लिप कुठे आहेत ते शोधा. नव्या पट्टीच्या मागे पाहिले की जागा कळतात. शेजारच्या भागांवर मास्किंग टेप लावा आणि प्लॅस्टिकचे हत्यार क्लिपच्या अगदी जवळ घालून उचला. दोन क्लिपच्या मधोमध जोर दिला तर पट्टी वाकते आणि क्लिप तशीच राहते. थंडीत क्लिप ठिसूळ होतात. केबिन उबदार करून घ्या आणि चार-सहा जादा क्लिप जवळ ठेवा.

मागे स्विचची वायर असेल तर वायर ओढू नका, कनेक्टरची खिट्टी दाबून सोडवा. इग्निशन बंद असू द्या.

सावधान: पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तिथेच थांबा. तो बहुधा एअरबॅगचा असतो. ते काम घरचे नाही.

नवी पट्टी बसवताना प्रत्येक क्लिप तिच्या छिद्रासमोर आली आहे याची खात्री करा आणि मग तळहाताने सरळ दाबा. टक् असा आवाज प्रत्येक क्लिपचा वेगळा ऐकू यायला हवा. आला नाही तर क्लिप आडवी झाली आहे. जोर न लावता पट्टी काढून पाहा.

## टप्पा ११: पट्टी सुटलीच तर

सुटलेली पट्टी लगेच सुपर ग्लूने चिकटवू नका. तो कडक होतो, थरथरीने तडकतो आणि रंगावर कायमचा डाग सोडतो. आधी टेप कुठे राहिली ते पाहा.

टेप पूर्णपणे पट्टीबरोबर निघून आली आणि पत्रा कोरा आहे: पत्र्याची स्वच्छता कमी पडली किंवा काम थंडीत झाले. जुनी टेप काढा आणि सहाव्या टप्प्यापासून पुन्हा करा.

टेप गाडीवरच राहिली आणि पट्टी कोरी निघाली: पट्टीचे प्लॅस्टिक गोंद धरत नाही. मागची बाजू अल्कोहोलने पुसा, प्रमोटर लावा, नवी टेप लावा. गाडीवरची जुनी टेप चौथ्या टप्प्याप्रमाणे काढावीच लागेल. टेपवर टेप टिकत नाही.

फोम मधून फाटला, अर्धा इकडे अर्धा तिकडे: चिकटवण्याचे काम तुम्ही नीट केले होते. पट्टीचा बाक जुळत नाही किंवा प्रेशर वॉशरची धार कडेवर थेट मारली जात आहे. धुताना नोझल किमान ३० सेंटिमीटर दूर आणि कडेच्या दिशेने नव्हे तर समोरून ठेवा. बाक चुकत असेल तर पाचव्या टप्प्याप्रमाणे कोमट करून आकार द्या. तरीही टोके पत्र्यावर आपसूक टेकत नसतील तर ती पट्टी परत करा.